परतीचा जोड

चैत २१

ही वही माझ्या मुलीने, याङजीने, काठमांडूहून आणली. हातात देताना म्हणाली, "आपा, तुझं तोंड काही बंद राहत नाही. थोडं कागदाशी बोल, आमाच्या कानांना तेवढीच सुट्टी."

मला लिहायची सवय आहेच. डाव्या हाताची तीन बोटं बर्फात गेली आणि माझं डोंगर चढणं संपलं, त्यानंतर सव्वीस वर्षं मी पाहुण्यांना डोंगरावर नेणाऱ्या कंपनीचं भांडार सांभाळलं. कोणी किती दोर नेला, कोणाचे बुटाचे काटे मोडून आले, सगळं रोज लिहून काढायचो. आता गावी, खुंदेला, घरी बसून बटाटे आणि म्हातारपण सांभाळतो.

तर आज लिहायची गोष्ट अशी, की माझी मुलगी अमेरिकेला चालली आहे. अलास्कात देनाली नावाचा डोंगर आहे, तिथं कंपनीची तुकडी जाते आहे. पाहुणे पाच, वाट दाखवणारे तीन, आणि त्या तिघांत एक माझी याङजी. तिकडं म्हणे हमाल नाहीत आणि याकही नाहीत. प्रत्येकाने आपलं ओझं घसरगाडीवर घालून स्वतःच ओढायचं. गोरे लोक आपलं ओझं आपण ओढतात हे बघायला खरं तर मीच जायला हवं होतं.

सामान मी भरणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावून ठेवलं आहे.

चैत २३

पिशवी परतीपासून भरायची असते. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच ठरवलं आणि पुढं कंपनीतल्या सगळ्या पोरांना लावलं. सगळ्यात तळाशी परतीचा जोड ठेवायचा. धुतलेला शर्ट, पँट, कोरे मोजे, साबणाची वडी, सगळं प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून. डोंगरावर काहीही झालं तरी ते पुडकं सोडायचं नाही. ते सोडायचं शेवटच्या दिवशी, अंघोळ करून, माणसासारखं घरी शिरायला. त्याच्यावर मग बाकीचं, जे उशिरा लागणार ते खाली आणि जे आधी लागणार ते वर.

पाहुणे हसायचे. हसोत. माझी बोटं काळी पडली तेव्हा आम्ही दोन दिवस एका तंबूत अडकलो होतो. देवाचं नाव घ्यायचं मला सुचत नव्हतं. खालच्या मुक्कामावर माझ्या पिशवीच्या तळाशी एक निळा शर्ट आहे, एवढंच मी घोकत होतो.

याङजीला हे आज पुन्हा सांगितलं. तिनं जोड स्वतःच्या हातानं घडी करून दिला. पिवळा शर्ट निवडला. मग म्हणाली, "आपा, परत येणाऱ्यालाच लागतो ना हा?"

"मग काय तू तिथं घर बांधणार आहेस?" मी म्हणालो.

मी मोठ्यानं हसलो. ती उठून गोठ्यात गेली. ही पोरगी पहिल्यापासून अबोल, आईवर गेली आहे. माझ्यावर गेली असती तर दोघांना बोलायला दिवस पुरला नसता.

चैत २६

विमानात तेवीस किलो चालतात. आज ताणकाट्याला पिशवी लावली तर साडेसव्वीस! मी भरलेलं सामान मला पाठ आहे, ते बाविसाच्या वर जाणं शक्य नाही. सगळं उपसलं. मधल्या मोज्यांच्या आत चार किलो छुर्पी निघाली, आमच्याच घरच्या दुधाचं चीज, दगडासारखं वाळलेलं. दातांनी चघळत बसलं तरी एवढी दोन वर्षं पुरेल. तिच्याखाली दहावीपासूनची सगळी सर्टिफिकिटं, पातळ प्लॅस्टिकमध्ये. आणि त्याच्याही खाली ल्हामुचा पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी पांगदेन.

मी बायकोला हाक मारली. "ल्हामु, हे काय? डोंगर पांगदेन बांधून चढतात का तिकडं?"

ल्हामु चुलीपाशी होती. वळली नाही. "राहू दे की. लेकीजवळ आईचं काहीतरी असावं."

"अगं, हा लग्न झालेल्या बाईनं कमरेला बांधायचा. तिचं लग्न कुठं झालंय? होईल तेव्हा इथंच होईल, तेव्हा बांध तिच्या कमरेला. आत्ता अर्धा किलो वजन कशाला?"

"आणि छुर्पी डिकी मावशीला आहे," याङजी म्हणाली. डिकी ही ल्हामुची धाकटी बहीण, न्यूयॉर्कला असते. येताना याङजी तिच्याकडे दोन दिवस उतरणार आहे.

"दोन दिवसांत मावशी चार किलो खाईल? तिला दात तरी राहिलेत का?"

याङजी हसली नाही. सर्टिफिकिटं मी राहू दिली. नव्या जागी साहेबाला दाखवायला बरी पडतील, हुशार आहे पोरगी. छुर्पी एक किलो ठेवली. पांगदेन काढून पेटीत टाकला. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली, तेवढेच चार-पाच ग्रॅम. काटा बरोबर तेवीसवर आला तेव्हा बरं वाटलं.

ल्हामु दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बायकांना वजनाचं काही कळत नाही.

चैत २९

याङजीचं पोट बिघडलं आहे. सकाळपासून दोनदा ओकली. मी ओव्याचं पाणी दिलं. मागच्या शरदातही निघायच्या आधी असंच झालं होतं, आणि त्याच्या मागच्या वर्षीही. शहरातलं खाऊन पोट नाजूक होतं.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण तोंडानं कधी बोललो नाही. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. चढाईच्या शाळेत मीच घातली. तिथले मास्तर ओळखीचे होते, आणि माझ्यासारखे पाय तिच्यात आहेत हे मला दिसत होतं. तिला विचारलं होतं मी. "जाशील ना?" असं विचारलं होतं. ती नाही म्हणाली नाही.

वैशाख ३

गेली. आम्ही दोघांनी तिच्या गळ्यात पांढरा रेशमी खादा घातला, लामांचा लाल दोरा मनगटाला बांधला. तिचा चहाचा पेला काठोकाठ भरून ठेवला आणि तो तिनं न पिताच उठायचं, म्हणजे तो प्यायला माणूस परत येतं. याङजी मात्र पेल्याकडं बघत बसली आणि मग सगळा चहा घटाघट पिऊन टाकला. मी ओरडलो, "अगं, प्यायचा नसतो!" ल्हामुनं लगेच पुन्हा भरला. सहा वर्षं डोंगरावर जाते आहे आणि एवढं लक्षात नाही पोरीच्या.

ल्हामु रडली ती रडलीच. लेक तीन वेळा एव्हरेस्टला जाताना जी बाई शांतपणे दारात उभी राहिली, ती आज भिंत धरून रडली.

"अगं, एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरनं ठेंगणा डोंगर आहे तो," मी म्हणालो.

"तू जरा गप्प बसशील?" ती म्हणाली.

घर आज झाडायचं नाही. माणूस गेल्याबरोबर झाडलं तर त्याची पावलं पुसली जातात.

वैशाख ५

घात झाला. आज जवाच्या कोठारामागं झाडू घालत होतो, तर पिवळा शर्ट! परतीचा जोड, जसा बांधला तसाच. पिशवीतून पडणं शक्य नाही, तो तळाशी होता. बहुधा माझी पाठ वळल्यावर तिनं पुन्हा सगळं उपसलं आणि भरताना हा राहिला. सव्वीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही पिशवीत हे झालं नव्हतं. आणि व्हायचं ते माझ्याच मुलीच्या पिशवीत.

फोन लागत नाही. पण लुक्लाच्या विमानतळावर ढग उतरले आहेत, दोन दिवसांत एकही विमान उडालेलं नाही असं खालून येणारे सांगतात. म्हणजे ती अजून तिथंच अडकली आहे. मी निघतो.

ल्हामु दारात आडवी आली. "जाऊ नकोस. कपडे आहेत रे नुसते."

"नुसते कपडे? परतीचा जोड आहे!"

"तिथं कपडे मिळत नाहीत का?"

एवढी वर्षं माझ्याशी संसार करून बाईनं हे विचारावं! मी जोडे चढवले.

वैशाख ६, फाकदिङ

गुडघे बोलायला लागले आहेत. नामचेला ग्याल्बु भेटला, माझ्या दोराला बांधून तीन डोंगर चढलेला माणूस, आता चहाचं दुकान चालवतो. पुडकं बघून त्यानं विचारलं, मी सांगितलं.

"गेल्जेन, तू म्हातारा झालास," तो म्हणाला. "बस, चहा घे आणि घरी परत जा."

"पोरीचं विमान गेलं तर?"

"गेलं तर जाऊ दे तिला."

त्याची स्वतःची दोन्ही पोरं न्यूयॉर्कला टॅक्सी चालवतात, आठ वर्षांत फिरकलेली नाहीत. अशा माणसाला काय कळणार सामान पोचवण्याचं.

वैशाख ७, लुक्ला

पोचलो. विमानतळाजवळच्या लॉजमध्ये खिडकीशी बसली होती. मला बघून उभी राहिली आणि तिचा चेहरा पार उतरला. वाटलं, आईला काही झालं असं समजली. मी लांबूनच पुडकं उंच केलं.

"काय विसरलीस बघ! बापाला दोन दिवस चालवलंस!"

तिनं पुडकं घेतलं, छातीशी धरलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. लॉजमधली माणसं बघायला लागली. मी तिच्या पाठीवर थोपटत होतो. चढाईला घाबरली असावी. नवा डोंगर, नवा देश. मी तिला सांगितलं की भीती मलाही वाटायची, पायाखाली बर्फ आलं की जाते.

दुपारभर आम्ही दोघं बसलो. बटाट्याच्या धिरड्यासारखी रिकीकुर मागवली, तिनं निम्मी मला सारली.

मी म्हणालो, "येताना हा पिवळा शर्ट घालून विमानातून उतर. मी धावपट्टीच्या जाळीपाशी उभा असेन. लांबून ओळखेन."

"उशीर झाला तर?"

"इथली विमानं कधी वेळेवर येतात? दोन दिवस, चार दिवस. मी थांबेन."

"आपा, इथं नको थांबूस."

"का? लॉजवाला काय मला हाकलणार आहे?"

मग ती म्हणाली, "आपा, मला तुला एक सांगायचंय." आणि नेमकी तेव्हाच मला बुटाच्या काट्यांची आठवण झाली. टोकांना रबर लावायचं सांगितलं होतं, ते लावलं की नाही म्हणून मी पिशवी उघडायला लावली. लावलं होतं. तेवढ्यात ढग फाटला आणि बाहेर गडबड उडाली, पण विमान काही आलं नाही. काय सांगायचं होतं ते तिनंही पुन्हा काढलं नाही.

वैशाख ८

सकाळी सव्वासातच्या विमानानं गेली. पुडकं मी माझ्या हातानं तळाशी घातलं होतं. आता काळजी नाही.

जेठ २६

डिकीनं ल्हामुच्या फोनवर फोटो पाठवला. माथ्यावर याङजी! नाकाला पांढरं मलम, मागं सगळं निळं. पाचही पाहुणे वर गेले, एकाचंही बोट गेलं नाही. मी फोटो घेऊन अख्खं खुंदे फिरलो. गोम्पात तेलाचे एकवीस दिवे लावले. लोक बघत होते, "छान" म्हणत होते आणि माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघत होते. कुणाकुणाला आपलं चांगलं झालेलं पाहवत नाही.

पण फोटो नीट पाहिला तर ती हसत नाहीये. थंडीनं गाल आखडतात.

असार ५

कंपनीतून फोन आला. तुकडी काल काठमांडूला पोचली. दोघं वाटाडे आले. तिसरी कुठं आहे, असं मला विचारत होते.

मी हसून म्हणालो, "विमान चुकलं असेल."

 मग मॅनेजरनं सांगितलं. तिकडच्या विमानतळावर याङजीनं कंपनीचं सगळं सामान एका पिशवीत भरून दुसऱ्या पोराच्या हवाली केलं. वर यादी लावलेली, एकेका वस्तूपुढं खूण केलेली. एकही कडी कमी नव्हती, दोर सुकवून गुंडाळलेला होता. मग पाणी घेऊन येते म्हणाली आणि गेली ती आलीच नाही.

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते खरं लिहितो. यादी बरोबर लावली, हे आलं.

ल्हामु उकडलेले बटाटे सोलत होती. कुणाचा फोन, हे तिनं विचारलंच नाही. 

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"गेल्या वर्षापासून. व्हिसाचा कागद भरला तेव्हापासून."

"आणि ग्याल्बुला?"

तिनं बटाटा खाली ठेवला. "ग्याल्बुला ठाऊक होतं, लामांना ठाऊक होतं, सगळ्या खुंदेला ठाऊक होतं. तू एकटाच पिशवी भरत होतास."

"मला का नाही सांगितलंत? मी काय राक्षस आहे?"

"राक्षस नाहीस रे. तू बोलू देत नाहीस."

असार ६

 माझी मुलगी गेली आणि मी तिला ब्रशची दांडी कापून दिली.

असार १४

डिकीच्या फोनवरून रोज फोन येतो. ल्हामु घेते, बाहेर जाऊन बोलते. "आपा आहे का?" हे मला आतपर्यंत ऐकू येतं. मी नाही घेत. रागावलो आहे का? हो, रागावलो आहे. माझ्या पाठीमागं अख्ख्या गावानं माझ्या मुलीला निरोप दिला आणि मी तेवढा वजन करत बसलो.

पेटीतला पांगदेन काढून पाहिला. ल्हामुला तो तिच्या आईनं दिला होता. आपली लेक ज्या लग्नात आपण नसणार त्या लग्नात तो बांधेल, म्हणून ल्हामुनं तो मोज्यांच्या खाली लपवला होता. मी म्हणालो, अर्धा किलो. ल्हामुजवळ गेलो, तो तिच्या मांडीवर ठेवला, पण माफी मागायला शब्द फुटला नाही. तिनं घडी घातली. तिकडं जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवू म्हणाली.

असार २७

कंपनीचा पुन्हा फोन. शरदात मोठी तुकडी आहे, याङजी आली तर मागचं सगळं विसरू, वरच्या मुक्कामापर्यंत दोर लावायच्या गटात तिला घेऊ म्हणतात. मोठा मान आहे. माझ्या काळी बाईमाणसाला हे कुणी विचारलं नसतं. आज दिवसभर मनात हेच घोळत राहिलं. बोलावलं तर येईल. माझं तिनं कधी मोडलेलं नाही.

साउन २

आज मी फोन घेतला. सकाळी आम्ही चहा पीत होतो, ल्हामुनं फोन सरळ माझ्या हातात कोंबला आणि दार ओढून बाहेर गेली.

"आपा?"

इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकल्यावर राग कुठं गेला कळलं नाही. मी रडलो. आवाज न करता रडायला गेलो, पण ते तिला समजलं.

"आपा, रडू नकोस ना. तू 'ये' म्हण. तू म्हणालास तर मी उद्याचं तिकीट काढते. खरंच काढते."

ती थट्टा करत नव्हती. ग्याल्बुकडून मला कळलं आहे, असं व्हिसा मोडून राहिलेलं माणूस एकदा परत आलं, की पुन्हा तिकडं जाऊ शकत नाही. तेही तिला ठाऊक आहे. तरी ती म्हणत होती.

मी विचारलं, "काय काम करतेस?"

"एका म्हातारीला सांभाळते. पंच्याण्णव वर्षांची आहे. औषधं देते, न्हाऊ घालते. तुझ्यासारखीच बडबडते दिवसभर."

"डोंगर एवढा वाईट होता का गं?"

 कुठूनतरी गाडीचा भोंगा ऐकू आला. मग म्हणाली, "सहा वर्षं आपा. वर असले की मी रात्रभर बुटांचे बंद धरून बसायचे. एकदाही झोपले नाही. एकदाही. खाली आले की तू एवढा खूश असायचास, की मला सांगता आलं नाही."

"आणि तिथं?"

"इथं झोपते. खोली एवढीशी आहे, खालून गाड्या जातात. तरी गाढ झोपते."

शरदातली तुकडी माझ्या जिभेवर होती. 'ये' तर एकच अक्षर आहे. आठवडाभर मी तेच तोंडात धरून होतो आणि ती पलीकडं श्वास रोखून त्याचीच वाट बघत होती.

मी विचारलं, "आत्ता तिथं किती वाजलेत?"

"रात्रीचे अकरा."

"मग झोप आता," मी म्हणालो. "सकाळी म्हातारीला औषध द्यायचं असेल."

ती बराच वेळ रडत होती. मी फोन कानाला लावून ऐकत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोललो नाही. ल्हामु आत आली तेव्हा फोन बंद होऊन गेला होता, तिनंच तो माझ्या हातातून काढून घेतला.

माझ्या मुलीनं 'येऊ का' असं विचारलं आणि मी 'ये' म्हणालो नाही. हे तारखेनिशी इथं लिहून ठेवतो आहे. कारण पुढं एखाद्या हिवाळ्यात मला वाटायला लागेल, की तिनं विचारलंच नव्हतं.